सखाराम विरुद्ध पिवळी हळद कारखाना

जूनच्या तीन तारखेला सकाळी साडेनऊ वाजता शेख हमीद कॉलेजात आले. ग्रंथालयाचं कुलूप बदललेलं होतं. दारावर कागद चिकटवलेला होता. त्यांनी तो वाचला, खिशातली चावी काढून कुलपाला लावून पाहिली आणि ते घरी गेले. मी स्टाफरूमच्या खिडकीत उभी होते. मी बाहेर गेले नाही.

हमीदभाई आता नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. ते असते तर लिहिलं नसतं. त्यांनी कागद हातात घेऊन एवढंच विचारलं असतं, "मॅडम, हे कोणत्या कपाटात लावायचं?"

हिंगोलीतल्या एका विनाअनुदानित विधी महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षं राज्यघटना, करार कायदा आणि कामगार कायदा हे तीन विषय शिकवले. महाविद्यालय म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर काही भलतं येऊ नये म्हणून सांगते, की आमची इमारत आधी हळदीचं गोदाम होती. भिंतींनी हळद इतकी शोषली होती, की पांढरा सदरा घालून वर्गात बसलेला मुलगा तास संपल्यावर लग्नघरातून उठून आल्यासारखा दिसे. ग्रंथालयातल्या खालच्या फळ्यांवरची पुस्तकं कडेनं पिवळी पडली होती. बाहेरून आलेल्या एका तपासणी समितीनं त्या पिवळेपणाला ग्रंथसंग्रहाचं प्राचीनत्व समजून अहवालात दोन ओळी गौरवाच्या लिहिल्या होत्या.

कायद्याशी संबंध न आलेल्यांसाठी हे तीन विषय थोडक्यात सांगते. मी पहिल्या तासाला असंच सांगत असे. राज्यघटना सांगते, सरकारनं तुमच्याशी कसं वागावं. करार कायदा सांगतो, दोन माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाचं पुढं काय करायचं. आणि कामगार कायदा सांगतो, की त्या दोघांपैकी एकाची भाकरी दुसऱ्याच्या हातात असेल, तर पहिल्यानं दिलेल्या होकाराला फार किंमत देऊ नये. एवढं कळलं तर उरलेली तीन वर्षं घरी बसलं तरी चालतं. बरेच विद्यार्थी एवढं न कळताच घरी बसत.

विद्यार्थी सगळ्या वयाचे. बढतीसाठी पदवी हवी असलेले पोलीस, माजी सरपंच, गावातल्या भावकीच्या भांडणात वकिलांना कंटाळून स्वतःच वकील व्हायला निघालेले शेतकरी. करार तोंडीसुद्धा होऊ शकतो, हे मी सांगितलं त्या दिवशी औंढ्याकडचा एक नवा नवरदेव मागच्या बाकावरून उठला.

"मॅडम, तोंडी चालतो म्हंता ना? मंग माझ्या सासऱ्यानं मांडवात मोटरसायकल देतो म्हणलं व्हतं. शंभर माणसं साक्षीला हायेत."

"कराराचा उद्देश कायदेशीर लागतो. हुंड्याचा करार मुळातच रद्द असतो. वर तुम्हीच आत जाल."

तो बसला. शेजारचा पोलीस शिपाई वहीतून मान वर न करता म्हणाला, "पुन्हा एकदा नाव सांगा हो तुमचं."

प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल म्हणजे मोबदला, आणि स्वेच्छेची संमती. कराराचे हे चार खांब मी फळ्यावर काढत असे. मुलांना सगळ्यात पटायचा तो नियम म्हणजे नुसतं गप्प राहणं ही स्वीकृती नव्हे. समोरच्यानं पत्र पाठवलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, म्हणून तुम्ही बांधले जात नाही. हे मी दरवर्षी आवाज चढवून सांगे. माझा आवाज वर्गातच चढतो. वर्गाबाहेर मी जवळजवळ बोलत नाही.

घटनेच्या तासाला मात्र एक अडचण यायची. मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतात. खासगी मालक सगळ्यांना समान वागवत नाही म्हणून त्याला समतेच्या अनुच्छेदाखाली थेट ओढता येत नाही. हा बारकावा आमच्या विद्यार्थ्यांना कधी कळला नाही. तो बरोबर कळलेला एकच माणूस संस्थेत होता, तो म्हणजे आमचे अध्यक्ष. ते हळदीचे व्यापारी. शिक्षण सातवीपर्यंत, पण आपण शासन नाही याचं त्यांना पक्कं भान होतं. संविधान दिनाला ते सगळ्यांना मैदानात उभं करून उद्देशिका म्हणायला लावत. माइक हमीदभाईंच्या हातात असे. तो जुना माइक दरवर्षी नेमका समानतेच्या आसपास बंद पडे आणि बंधुतेला परत येई. अध्यक्ष म्हणत, "हमीद, मशीन बराबर पकड."

हमीदभाईंचं पद होतं ग्रंथालय परिचर. म्हणजे धूळ पुसणारा. ग्रंथपाल कागदावर वेगळ्या होत्या. अध्यक्षांच्या नात्यातल्या त्या बाई तपासणी समिती येई त्या दिवशी नवी साडी नेसून खुर्चीत बसत आणि समितीनं काही विचारलं की "हमीदभाई सांगतील" म्हणत. दहावी झालेले हमीदभाई सांगत. तीन खोल्या, एकोणीस कपाटं, आणि कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात कितव्या फळीवर हे त्यांच्या डोक्यात. ते पुस्तक नुसतं देत नसत. देताना घेणाऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघत.

"हे न्हाई झेपायचं तुला," ते एखाद्या पोराला सांगत. "आधी हे पातळवालं वाच. समजलं तर मंग ये."

मला म्हणत, "मॅडम, हे तुमी चवथ्या बारीला नेऊन राहिल्या. पाठ करून राहिल्या का?"

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर पुस्तक नेल्याच्या तारखेचा शिक्का मारायचा आणि बाजूला सही करायची. हमीदभाई सही उर्दूत करत, छोटी, पुढं आलेल्या केसाच्या बटेसारखी. त्यांच्या मराठी अक्षराची त्यांना लाज वाटे. तसं ते अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आता मी केलेल्या कामाविषयी. मी रुजू होऊन पाच वर्षं झाली होती आणि माझी नेमणूक कायम व्हायची होती. फाइल अध्यक्षांच्या टेबलावर होती. त्यांनी बोलावलं. चहा मागवला, यावरूनच मला सावध व्हायला हवं होतं.

"मॅडम, तुमी करार शिकवता. एक कागद बनवून द्या. शिपाई, परिचर, सगळ्यायसाठी एकच. पण असा बनवा की कोर्टात कोणी हलवू नये."

"कशाबद्दल?"

"दर साल नवा करार. मधी तीन दिवसांची खाच. एकतीस मे, एक जून, दोन जून. मंग तीन तारखेला नवी नेमणूक. म्हंजे कोणी म्हणायला नको, मी इथं वीस साल हाये."

बाहेरच्या वाचकांना ही खाच समजावून सांगते, कारण ती आपल्याकडं खूप ठिकाणी असते आणि कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. मी शिकवत होते त्या कायद्यात बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस काम केलेल्या माणसाला सलग सेवेतला मानत. त्याला हवं तेव्हा हवं तसं काढता येत नसे. पण एका ठरावीक तारखेला संपणारा करार संपला, तर तो "काढला" असं होत नाही. तो आपोआप संपला, दूध नासावं तसा. मग अडचण उरत नाही. दरवर्षी दूध नासवायचं आणि दरवर्षी नव्यानं तापवायचं. अशा नासवण्याला कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणतात. तो धडा मी दर सप्टेंबरात घेत असे.

तो कागद मी चार दिवसांत लिहून दिला. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं ते सगळ्यात नेटकं गद्य असेल. एकही शब्द जास्त नाही. सातव्या कलमात खाच होती. नवव्यात लिहिलं होतं, की सही करणारा ही संमती कुणाच्याही दबावाखाली न येता, स्वेच्छेनं देत आहे. पुढच्या आठवड्यात माझी नेमणूक कायम झाली. त्या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे, असं लिहिलेला कागद कुठंही नाही. पुढं जिल्ह्यातल्या आणखी तीन-चार संस्थांनी तो मसुदा नेला. माझी एवढी वाचली गेलेली दुसरी रचना नाही.

हमीदभाईंनी सही करण्याआधी पूर्ण वाचला. वाचणारे ते एकटेच. बाकीच्यांनी अंगठ्यासारख्या सह्या ठोकल्या.

"मॅडम, हे तुमी लिवलं?"

"हो."

"मराठी चांगली हाये," ते म्हणाले आणि त्यांनी माझंच पेन मागून सही केली.

गंमत अशी, की त्या तीन दिवसांत हमीदभाई कॉलेजात यायचेच. कागदावर ते नोकरीत नसत. पण पावसाच्या आधी पुस्तकांना ऊन द्यायची वेळ तीच. मुलं नसतात, व्हरांडा मोकळा असतो. ते घरून जुन्या चादरी आणत, व्हरांड्यात पसरत, त्यांवर पुस्तकं उघडी ठेवत, कपाटांत कडुलिंबाचा पाला घालत. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "हमीदभाई, आज तुम्ही इथं नाही आहात." ते म्हणाले, "वाळवीला कुठं ठावं हाये?" दरवर्षी त्या दिवसांत पुढच्या वर्षाच्या तयारीची पुस्तकं मी घेऊन जाई. ते शिक्का मारत, सही करत. आम्हां दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एक कायदा शिकवणारी आणि एक कायद्याची पुस्तकं सांभाळणारा.

आता सखारामाकडं येते. मुलांना खरे निकाल लक्षात राहत नसत. पक्षकारांची नावं लांबलचक, कंपन्या परमुलखातल्या. म्हणून कामगार कायद्याच्या तासाला मी एक निकाल रचला. हळद शिजवणारा सखाराम. त्याला पिवळी हळद कारखान्यानं दरवर्षी दोन दिवस घरी बसवलं आणि अकराव्या वर्षी कायमचं. न्यायालय म्हणतं, असली बनावट खाच म्हणजे सेवेचा शेवट नव्हे. तत्त्व खरं होतं; त्या अर्थाचे निकाल खरोखर आहेत. सखाराम तेवढा माझा. "समजा" असं म्हणून मी सुरुवात केली होती. पण आमच्याकडं "समजा" कुणी लिहून घेत नाही. मॅडमनी दोनदा अधोरेखित करायला सांगितलं ते लिहून घेतात. मी सांगितलं होतं.

दोन वर्षांनी उत्तरपत्रिकांत सखाराम दिसू लागला. चौथ्या वर्षी त्याला सालही चिकटलं. कुणी चिकटवलं माहीत नाही. मग बाजारात मिळणाऱ्या एका प्रश्नोत्तरी पुस्तिकेत तो छापून आला. कुणीतरी त्याच्या बायकोचं नावही दिलं होतं. मी तेव्हाच वर्गात सांगायला हवं होतं, की मुलांनो, हा माणूस नाही. सांगितलं नाही. खरं सांगते, मला थोडा अभिमान वाटत होता. कथा लिहाव्यात असं तरुणपणी वाटायचं. छापून आलेली माझी एकच कथा ती, आणि तीही नावाशिवाय.

हमीदभाईंकडं मात्र एकदा एका मुलानं तो निकाल काढून मागितला होता. त्यांनी दोन दिवस सगळी कपाटं धुंडाळली आणि माझ्याकडं आले.

"मॅडम, सखाराम कुठं गावत न्हाई."

मी खरं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग मी त्या लेकराला काय सांगू? रजिस्टरात न्हाई तर न्हाई सांगायला पायजे." मग म्हणाले, "चांगला रचला पण."

हमीदभाईंच्या नोकरीला बावीस वर्षं झाली. अध्यक्षांनी दोन संगणक आणले, "डिजिटल ग्रंथालय" असा फ्लेक्स लावला, आणि डिजिटल ग्रंथालयाला माणूस लागत नाही असं कुणीतरी त्यांना सांगितलं. तीस मेला हमीदभाईंचा करार संपला आणि तीन जूनला नवा झाला नाही. बाकी मी सुरुवातीला लिहिलंच आहे. संगणकांना वीज पुरवणारं बोर्ड तेव्हा बसायचं होतं.

त्यांची बाजू घेतली सविता राठोडनं. कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरची, आमचीच विद्यार्थिनी. तांड्यावरून एसटीनं यायची आणि पहिला तास बुडाला म्हणून ग्रंथालयात बसायची. हमीदभाईंनी तिला पातळवाल्या पुस्तकांपासून जाडवाल्यांपर्यंत नेलं होतं. ती माझ्याकडं आली.

"मॅडम, चाचाला पैसाअडका न्हाई पायजे. त्यायचं एकच म्हणणं हाये, कोर्टानं लिहून द्यावं की हा माणूस बावीस साल इथं होता. अन् चावी परत द्यावी. तुमी साक्ष द्याल?"

मला निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मी म्हटलं, "बघू."

ती हसली. "मॅडम, गप्प राहणं म्हंजे स्वीकृती न्हाई, तुमीच शिकवलं. पण 'बघू'चं काय असते ते शिकवायचं राहिलं."

कामगार न्यायालय शेजारच्या जिल्ह्यात. पहिली महत्त्वाची तारीख अंतरिम अर्जाची होती. मुख्य दाव्याचा निकाल लागेपर्यंत हमीदभाईंना कामावर राहू द्यावं, एवढ्यापुरता. डोळे तपासायचे आहेत अशी रजा टाकून मी गेले आणि मागच्या बाकावर बसले. संस्थेचे वकील होते गजानन कदम, आखाडा बाळापूरचे. तेही माझेच विद्यार्थी, सविताच्या दोन वर्षं आधीचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी माझ्याच वह्या उभ्या होत्या.

सविता चांगली बोलली. आणि मग तिनं तो बाण काढला.

"साहेब, या मुद्द्यावर सखाराम विरुद्ध पिवळी हळद कारखाना हा निकाल पुरेसा बोलका आहे."

मी ओढणी सारखी केली. न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "नक्कल?"

"नोट्समध्ये आहे साहेब. पुढच्या तारखेला दाखल करते."

आता गजानन उठतील आणि असा निकालच नाही म्हणतील, म्हणून मी डोळे मिटले. गजानन उठले.

"साहेब, त्या निकालाबद्दल आमचा वाद नाही," ते म्हणाले. "पण त्यातली वस्तुस्थिती वेगळी आहे. सखाराम हा हळद शिजवणारा कामगार होता. त्याला कष्टाचं काम होतं. इथं अर्जदार पुस्तकं सांभाळत होता. शिवाय तिथं खाच दोन दिवसांची होती, इथं तीन दिवसांची आहे."

न्यायाधीशांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही दोघं एकाच कॉलेजचे का?"

"व्हय साहेब," दोघं एकदम म्हणाले. घाईत भाषा घरची आली.

तेवढ्यात हमीदभाई बाकावरून उठले. हात जोडून, पण आवाज ग्रंथालयातला, हळू आणि स्पष्ट.

"साहेब, बोलू का? हा निकाल न्हाई."

"म्हणजे?"

"रजिस्टरात न्हाई, कोणत्याच खंडात न्हाई. मी दोन दिवस शोधला व्हता. आमच्या मॅडमनी शिकवायसाठी रचला हाये. चांगला रचला साहेब, पण न्हाई तो." मग म्हणाले, "त्या मतलबाचे खरे निकाल हायेत. तिसऱ्या कपाटात, वरून दुसरी फळी. मी काढून दिले असते. पण आता चावी न्हाई माझ्याकडं."

न्यायाधीशांना हसू आलं होतं, ते त्यांनी फाइलकडं बघत आवरलं. म्हणाले, तत्त्व आम्हाला माहीत आहे, त्याला सखारामाची गरज नाही. पण करारपत्रावर अर्जदाराची सही आहे, आणि त्या तीन दिवसांत तो खरोखर काम करत होता याचा पुरावा काय? गजानन म्हणाले, हजेरीपट कोरा आहे. सविता म्हणाली, ग्रंथालयातली नोंदवही मागवा. गजानन म्हणाले, ग्रंथालय वर्गीकरणासाठी बंद आहे, नोंदवही सापडत नाही. एकोणीस कपाटांतलं काहीही डोळे मिटून काढून देणारा माणूस तिथंच उभा होता. अंतरिम अर्ज नामंजूर झाला. पुराव्यासाठी पुढची तारीख पडली.

बाहेर चहाच्या टपरीवर सविता कडाडली. "चाचा, काहून बोलले तुमी? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला! तो गज्या मान हलवून राहिला होता!"

"पोरी, बावीस साल लोकायला मागितलं ते बराबर पुस्तक काढून दिलं. आता माझ्याच कामाला चुकीचं देऊ?"

"मंग हरू का आपण?"

"हरलो तर खरं हरू."

मी कप हातात धरून उभी होते. माफी मागायची होती. सखारामाबद्दल की सातव्या कलमाबद्दल, हे ठरत नव्हतं. हमीदभाई माझ्याकडं वळले.

"मॅडम, करार कायद्याचं ते जाडवालं तुमच्याकडंच हाये. लय दिवस झाले."

"आणून देते," मी म्हटलं. कुणाला आणून देणार होते, कुणास ठाऊक.

घरी येऊन पुस्तक काढलं. करार कायद्यावरचा तो एक जाडजूड टीकाग्रंथ. वर्षानुवर्षं मीच नेत असे, दुसरं कुणी मागत नसे. शेवटच्या पानावरची चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीखाली चिठ्ठी, एकावर एक डकवलेल्या. एकतीस मे. एक जून. दोन जून. पुन्हा एक जून. चौदा वर्षांचे शिक्के, कॉलेजच्या नावासह, आणि प्रत्येकाशेजारी ती छोटी उर्दू सही. नोकरीत नसलेल्या माणसानं नोकरीत नसलेल्या दिवशी संस्थेचा शिक्का मारून मला पुस्तक दिलं होतं, चौदा वेळा.

हे त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी आठवण केली, की पुस्तक परत आलं नाही एवढंच त्यांच्या मनात होतं, हे मला आजही माहीत नाही. दुसरं असण्याची शक्यता जास्त आहे. तसा त्यांचा स्वभाव होता.

सविताला त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मी निवृत्तीपर्यंतचे महिने मोजले. नऊ होते. निवृत्तिवेतन आमच्याकडं नाहीच, पण निरोप समारंभ, शेवटची कागदपत्रं, अध्यक्षांची सही लागणारं सगळं समोर होतं. पुस्तकाला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि ते कपड्यांच्या कपाटात ठेवलं. त्या वर्षीही मी अनुचित प्रभावाचा धडा शिकवला. एकाच्या हातात दुसऱ्याचं भवितव्य असेल तर दुसऱ्याची संमती मोकळी नसते, इत्यादी. मुलांनी लिहून घेतलं.

दरम्यान दोन तारखा पुढं ढकलल्या गेल्या. हमीदभाई प्रत्येक तारखेला धुतलेला सदरा घालून एसटीनं जात. फेब्रुवारीत त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची बायको उशाशी होती. हमीदभाईंनी विचारलं, "पाऊस यायच्या आधी पुस्तकायला ऊन कोण देणार यंदा?" मी पुस्तकाचं सांगितलं. म्हटलं, माझ्याकडं पुरावा आहे, मी साक्ष देईन, मे संपू दे. ते छताकडं बघत होते. म्हणाले, "बराबर." तीन दिवसांनी ते गेले.

जुलैत मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. पुस्तक दाखल झालं. गजाननांनी उलटतपासणी घेतली. प्रश्न चांगले होते, माझ्याच पद्धतीचे, लहानापासून मोठ्याकडं.

"हे करारपत्र कुणी लिहिलं?"

"मी."

"कायद्याच्या दृष्टीनं त्यात काही दोष आहे?"

"मसुद्यात दोष नाही. त्यात लिहिलेलं खरं नाही."

"हे तुम्हाला कधी समजलं?"

"लिहितानाच."

"मग इतकी वर्षं गप्प का राहिलात?"

सविता हरकत घ्यायला उठली. मी तिला हातानं बसायला सांगितलं, पण उत्तर मला आलं नाही. न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं, "साक्षीदार निरुत्तर, असं लिहा." ते नोंदलेलं आहे.

गजानन थोडे घुटमळले आणि त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "हे पुस्तक ग्रंथालयाचं आहे. मुदतीत परत का केलं नाही?"

"त्याबद्दल हमीदभाईंनी मला बोलून घेतलेलं आहे," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर गजानन वाकून पाया पडले. "मॅडम, राग नका मानू. माझं बी पोट हाये."

"प्रश्न चांगले होते," मी म्हटलं. खरंच होते.

निकाल दिवाळीच्या आधी लागला. सवितानं खरे निवाडे दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून आणून दाखल केले होते. सखारामाचा उल्लेख कुठंही नाही. न्यायालयानं म्हटलं, की खाच बनावट होती, आणि शेख हमीद हे त्यांच्या मृत्यूच्या दिवसापर्यंत संस्थेच्या सलग सेवेत होते असं मानण्यात यावं. म्हणजे बदललेल्या कुलपासमोर ते उभे होते तेव्हाही ते कामावर होते. मी खिडकीत होते तेव्हाही.

संस्था वरच्या न्यायालयात गेली आहे. दाव्यात हमीदभाईंच्या नावाआधी आता "मयत" लागतं आणि खाली वारस म्हणून त्यांच्या बायकोचं नाव असतं. निकालाची एक नक्कल त्यांच्या घरी आहे, एक माझ्याकडं. यंदा पावसाआधी पुस्तकांना ऊन मिळालं नाही.